कॅसेटच्या पाठीवर कुणाचं नाव

कडाव,
१२ एप्रिल १९८४

ती. कोंडाजी भावोजींचे चरणी धाकटा मेहुणा जयवंता याचा सा. न. वि. वि.

गणपतीत पळसदरीच्या सामन्यात बसलेला तुमचा आवाज अजून उठला नाही आणि डॉक्टरांनी आता वर्षभर तोंड उघडायला बंदी केली, असे बायने कळवले. ऐकून जीव हळहळला. तुमच्या कचेरीतल्या लोकांचा किती हळहळला ते तुम्ही बघितलेच असेल. घरात पाटीवर लिहून चहा मागता म्हणे. साखर जास्त हवी असली तर दोन रेघा ओढता का?

बातमी अशी की मुंबईची एक कंपनी माझी कॅसेट काढते आहे. त्यांचे साहेब कर्जतला आले होते. शक्ती-तुरा म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हते, पण तो खपेल एवढे माहीत होते. मी समजावले की शक्तीवाला म्हणतो आई थोर, तुरेवाला म्हणतो बाप थोर. दोघे समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यात सवाल टाकतात आणि जवाब आला नाही की हार. माझ्या बायचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा शक्तीवाला, मी तुरेवाला, आणि सध्या शक्तीवाल्याचा घसा सुट्टीवर आहे. साहेब म्हणाले की एकच शाहीर पुरे, जागाही कमी लागेल.

त्यांना पळसदरीचाच सवाल हवा आहे. तुम्ही जिथे अडकलात तोच. विसरला असाल म्हणून लिहितो.

मळीचं धड आईनं केलं, दारी बसवलं पोर,
शीर बापानं लावलं तवा झाला देव थोर.
सांग कोंडाजी खालापूरकरा, सभेत धर तू जोर,
आईचं म्हणू का बापाचं म्हणू, कुणाचं सांग ते पोर?

आणखी एक. कॅसेटच्या पाठीवर वाजवणाऱ्यांची नावे छापतात. साहेबांनी विचारली तशी सांगून टाकली. झांज सदू, ढोलकी सखा जयवंता. धाऊने ते ऐकून देवापुढे साखर ठेवली.

बायला नमस्कार. तोंडाने जमत नसेल तर हाताने तरी आशीर्वाद द्यावा, ही विनंती.

तुमचा,
जयवंता


खालापूर,
१९ एप्रिल १९८४

शाहीरसम्राट, कॅसेटभूषण, चि. जयवंता यास कोंडाजीचे अ. उ. आ.

आपला अर्ज पावला. आवक शिक्का मारून पुढील कार्यवाहीसाठी उशीखाली ठेवला आहे. साखर जास्त हवी असली तर मी रेघा ओढत नाही, पाटी आपटतो.

अभिनंदन करावे म्हणून लेखणी उचलली, पण तीही अडखळते. सवाल समोर बसलेल्याला टाकायचा असतो, हा आपल्या शक्ती-तुऱ्याचा पहिला कायदा. ज्याला टाकला त्याने त्याच बैठकीत जवाब द्यायचा. आता तू एका खोलीत दार लावून मला सवाल टाकणार आणि मी इथे गुळण्या करीत बसणार. मग खोपोलीपासून नेरळपर्यंत पानाच्या दुकानादुकानातून तुझा आवाज म्हणणार, सांग कोंडाजी, सांग कोंडाजी, आणि कोंडाजी पाटी घेऊन उभा. मोठा पराक्रम आहे. गावाबाहेर जाऊन दंड थोपटणाऱ्यांची बिरुदे तुला लावायला हवीत.

आता ढोलकीवाल्याचे नाव. तुला आणि धाऊला मूल नाही म्हणून आपण दोघांनी माझ्या ओट्यावर सुपारी कातरता कातरता ठरवले आणि माझा सखा कडावला आला. तो तेव्हा तीन वर्षांचा होता. पोर दिले, नाव दिले नव्हते. तू तर तुरेवाला. पोर बापाचे म्हणून जन्मभर घसा फोडतोस. मग बाप कोण? तुझ्याच शास्त्राने सांगतो, सखा कोंडाजी असे छाप.

पळसदरीला तू तो सवाल टाकलास तेव्हा गणपतीकडे कुणी बघत नव्हते. सगळी सभा ढोलकीवाल्याकडे बघत होती. माझा आवाज पडशाने बसला असे मी सर्वांना सांगितले आहे. तूही तसेच समज.

धाऊला आशीर्वाद. साखर देवापुढे ठेवलीच आहे तर ती आता मुंग्यांना तरी मिळो.

तुझा हितचिंतक (नाइलाजाने),
कोंडाजी


कडाव,
७ मे १९८४

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

स्टुडिओ बघून आलो. माडीवरची एक खोली, भिंतींना गाद्या, खिडकी एक नाही. भात साठवायला बरी. आम्ही गेलो ते मी, सखा, सदू आणि पायात चाळ बांधलेले आपले सगळे नाचे. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, नाच कॅसेटमध्ये दिसत नाही. मी म्हटले, ऐकू येतो. पण खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या खुर्चीतला माणूस तालावर हलू लागला, तेव्हा नाच्यांना जिन्यात बसवावे लागले. मशीनपुढे नारळ फोडला, उदबत्ती लावली. ती त्याने धावत येऊन पाण्यात बुडवली. देवाचे राहू द्या, निदान वासाचा तरी मान ठेवायचा.

आधी गण म्हटला. साहेबांनी घड्याळ दाखवून सांगितले की एका बाजूला एवढीच फीत आहे, गणपती लवकर उरका. आयुष्यात पहिल्यांदा गणपतीला पळवत आणला आणि पळवत पोचवला.

मग सवाल टाकला. असा टाकला की तुमचे नाव आले तिथे सदूची झांज आपोआप वाजली. आणि रिवाजाप्रमाणे आम्ही उठलो. सवाल टाकला की आपला संच उठतो, समोरच्याला जागा देतो आणि तो जवाब जुळवीपर्यंत चहा पितो. जन्मभर दुसरे काही केलेले नाही. सगळे जिना उतरलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. वर मशीन फिरतच होते. काचेआडच्या माणसाला वाटले, गाण्यातच अशी विश्रांती असेल. आम्ही भजी खाऊन वर गेलो तर त्याने अगदी शांतपणे विचारले की पुढचे कोण गाणार. सदूने त्याला सांगितले की ते आमचं काम नाय, समोरच्याचं हाय, आमी कशाला त्याच्यात तोंड घालू.

पुन्हा बसलो तर गाता येईना. समोर गादी लावलेली भिंत. तुमचे ते भुवया उडवणे, मिशी चावणे, मांडीवर मुद्दाम चुकीचा ताल धरणे, यातले काहीच नाही. राग येईना. आणि रागावाचून माझे गाणे म्हणजे ग्रामपंचायतीची दवंडी. साहेबांनी पुढची तारीख दिली आहे. खरे सांगतो भावोजी, तिथे तुमची फार उणीव भासली. हे वाक्य वाचून झाल्यावर खोडून टाका.

नावाबद्दल म्हणाल, तर तुमच्या शक्तीच्या शास्त्रात पोर आईचे असते. बाप कोण विचारायला तुम्ही अचानक तुरेवाले कधी झालात? सखाला ढोलकी मी शिकवली, गोवर आला तेव्हा धाऊ त्याच्या उशाशी बसली. बायने तर नावासाठी कधी तक्रार केली नाही. तुम्हालाच का इतकी कळ?

पाटीवर का होईना, पण चांगलेच लिहा, ही इच्छा.

तुमचा,
जयवंता


खालापूर,
१५ मे १९८४

चि. जयवंता यास अ. उ. आ.

भिंतीला तू सवाल टाकलास आणि भिंतीने जवाब दिला नाही, म्हणजे तू भिंतीला हरवलेस. कळवून टाक साहेबांना. खालच्या डॉक्टरांचा एखादा दातही तुमच्या नाचात फुकट निघाला असेल, त्याचे नाव कॅसेटवर छापायला विसरू नको.

उणीव भासल्याचे वाक्य खोडलेले नाही. सही-शिक्का मारून जपून ठेवले आहे.

आता माझी अट. सवाल छापशील तर दुसऱ्या बाजूला माझा जवाबही यायला हवा. नाहीतर गणपतीत मी पाटी घेऊन कडावच्या देवळापुढे बसेन आणि तुझी लाज काढीन. शक्तीचा जवाब तुरेवाल्याच्या तोंडून शोभत नाही, म्हणून माझा झीलकरी शुक्रा याला पाठवतो. इतकी वर्षे माझ्यामागे ओळ उचलली आहे, एवढी एक पुढे उचलेल. जवाब असा:

धडावाचून शीर बापानं टांगलं असतं खुंटीवर,
आईनं आधी अंग दिलं रं, शीर बसलं मग त्यावर.

खुंटीवर हा शब्द तुला बोचेल. बोचावा म्हणूनच घातला आहे.

आणि सखाचे नाव कोंडाजी. शास्त्र गाण्यात असते, छापील कागदावर बाप असतो. सुंदराला यात ओढू नको. तिला छापील नावाचे कौतुक नाही, तिने कधी विषयच काढला नाही.

तुझ्या गळ्याला उदंड आयुष्य आणि थोडी अक्कल लाभो.

तुझा,
कोंडाजी


खालापूर,
२० मे १९८४

चि. जयवंतास बायचे अ. उ. आ.

तुझी पत्रं आधी मी वाचते. पोस्टमन दुपारी येतो आणि हे तेव्हा कचेरीत असतात. यांची पत्रंही वाचते, कारण पाकीट मीच चिकटवते. फार करमणूक होते. एक आई थोर म्हणतो आणि स्वतःचं नाव छापा म्हणतो. दुसरा बाप थोर म्हणतो आणि बाप सोडून मामाचं नाव छापतो. लोक उगाच सिनेमाला कर्जतला जातात.

शुक्राबरोबर मीही मुंबईला येते. तो एकटा निघाला तर जवाबासकट हरवेल. शिवाय सखाला बघून किती महिने झाले. इकडे येतो तेव्हा पाहुण्यासारखा ओट्यावर बसतो, पाणी मागतानाही अवघडतो, आणि मला आत्या म्हणतो. धाऊने चांगलं वळण लावलंय, तक्रार नाही. तिने पोर जिवापाड वाढवलं. धाऊवर माझा राग कधीच नव्हता.

तुमच्या सगळ्या संचासाठी भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणते. सामन्याच्या रात्री चुलीपुढे बसून मी दोन्हीकडचं खरकटं काढत आले आणि दोन्हीकडची गाणीही ऐकत आले. भाकरी थापताना ताल धरायला बरा पडतो.

येताना तुझी ती जरीची टोपी घालू नको. डोकं फार मोठं दिसतं.

तुझी बहीण,
सुंदरा


कडाव,
४ जून १९८४

ती. भावोजींस सा. न. वि. वि.

हे पत्र बायने आधी वाचले तरी हरकत नाही.

रेकॉर्डिंग झाले. शुक्रा समोर बसला आणि तुमच्यासारखी मिशी चावू लागला. त्याला मिशी नाही, तरी मला लगेच राग आला आणि सवाल फक्कड झाला. या वेळी चहाला उठलो नाही. मग दुसरी बाजू. शुक्रा मायकापुढे उभा राहिला, लाल दिवा लागला, आणि शुक्राने दिव्याला हात जोडले. तुमचा जवाब त्याच्या डोक्यातून कुठे गेला देव जाणे. तोंडातून नुसता हुंकार. पुन्हा दिवा, पुन्हा नमस्कार. म्हणतो कसा, माजी चूक नाय, हा दिवा बघून देवळात आल्यागत वाटतं. साहेब दारात येरझाऱ्या घालू लागले. म्हणाले, जवाब राहू द्या, नुसता सवालच काढू. मला बरेच वाटले, लपवत नाही.

तेवढ्यात बायने भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली आणि शुक्राला बाजूला व्हायला सांगितले. मी म्हटले की शक्ती-तुऱ्यात बाई गात नाही. ती म्हणाली की आई थोर म्हणून वर्सानुवर्सं ओरडताय ते मग कुणासाठी, आणि ओरडताना आईला चुलीपाशी का बसवताय. यावर मी काय बोलणार? शक्तीवाल्याच्या घरची माणसे, तुम्हीच उत्तर द्या.

मला वाटले ती तुमचाच खुंटीवरचा जवाब म्हणेल. तिने म्हटले ते असे:

धड आईचं, शीर बापाचं, भांडा तुमी वर्सभर,
ज्याचं शीर ते कापून नेलं, त्याचं कुठं रं घर?
पाठ करून निजली हत्तीण, जागी झाली नंतर,
तिला कुणी इचारलं का रं? द्या दोघं उत्तर.

जी आई पोराकडे पाठ करून निजली असेल तिच्या पोराचे शीर आणा, असा बापाचा हुकूम; मी कितीतरी गणपती ही गोष्ट गातो आहे. हत्तीचे शीर आणले, लावले, देव उभा राहिला, फुले पडली. हत्तीण माझ्या गाण्यात कधी आलीच नाही. तुमच्याही नाही.

सखाची ढोलकी तिसऱ्या ओळीला चुकली. तो कधी चुकत नाही. मग त्याने असा ताल धरला की जणू बायला पुढे जायला वाट करून देतो आहे. मान वर केली नाही. नंतर टोपलीतली भाकरी घेऊन जिन्यात जाऊन बसला.

काचेआडच्या माणसाने कानावरचे यंत्र काढून ठेवले. साहेब म्हणतात, हीच दुसरी बाजू, आता एक अक्षर बदलायचे नाही. तुमची हरकत असली तर तुम्ही कळवा. मी कळवणार नाही. रिवाजाप्रमाणे जवाब देणे मला भाग होते आणि मला तो सुचला नाही. मी हरलो, भावोजी. तुम्ही तिच्या बाजूचे असूनही कदाचित तुम्हीसुद्धा.

सखाचे नाव काय छापायचे ते साहेबांनी पुन्हा विचारले. सखा जयवंता म्हणायला तोंड उघडले, पण बाय टोपलीचे फडके घडी करीत समोर उभी होती. नंतर कळवतो म्हटले.

घशाला जपा. जवाब सापडला तर त्वरित कळवण्याची कृपा करावी.

तुमचा,
जयवंता


खालापूर,
१२ ऑगस्ट १९८४

चि. जयवंता यास अ. उ. आ.

तुझी कॅसेट खालापुरात आली. कडावला समुद्र आल्याबद्दल प्रथम अभिनंदन. कॅसेटच्या पुढल्या कागदावर निळा समुद्र, नारळाची झाडे, होडीत बसलेली एक बाई, आणि त्या सगळ्याच्या वर जरीची टोपी घातलेला तू. तुमच्या शेताला भरती कितीला येते तेवढे कळव, सहकुटुंब बघायला येऊ.

एस. टी. स्टँडजवळच्या हॉटेलात सकाळी लावतात ती रात्रीपर्यंत काढत नाहीत. परवा चहाला गेलो होतो. सांग कोंडाजी सुरू झाले तशी सगळी टेबले माझ्याकडे वळली. मी पाटी उलटी ठेवली. मग त्यांनी कॅसेट फिरवली आणि सुंदराचा आवाज आला. हॉटेलवाला मला विचारतो, बाई कुठली हाय, गळा झ्याक हाय. तोंडाला बंदी. पाटीवर लिहिले, माझी बायको. तो वाचून हसला, त्याला थट्टा वाटली. तू हसू नको. इतकी वर्षे मी तिचा आवाज ऐकला तो जेवायला वाढलंय एवढ्यापुरता.

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर दिले नाही, कारण जवाब शोधत होतो. पाटीवर लिहिला, पुसला. पुराण सांगणाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, हत्तिणीचे पुढे काय झाले ते कुणी लिहून ठेवलेले नाही. शेवटी सुंदरालाच पाटी दाखवली की जवाब काय आहे. ती म्हणाली की असता तर इचारला कशाला असता, आणि वाटाणे निवडू लागली.

आता मुद्द्याचे. कॅसेटच्या पाठीवर छापले आहे, ढोलकी सखा सुंदरा. हा तुझा उद्योग का? आधी मला संताप आला. मग वाटले, मी शक्तीवाला, पोर आईचे असे जन्मभर गायलो, ते आता छापून आले. म्हणजे मी जिंकलो. मग जेवण का गोड लागत नाही, ते मात्र कळत नाही. माझा मुलगा ढोलकी वाजवतो आणि माझे नाव नाही, याचे मला वाईट वाटते, जयवंता. थट्टा बाजूला ठेवून लिहितो, फार वाईट वाटते. तुलाही वाटत असेल. तेवढ्यापुरते आपण एका बाजूचे.

कुणी सांगितले ते नाव, एवढे कळव.

तुझा,
कोंडाजी


खालापूर,
१४ ऑगस्ट १९८४

चि. जयवंतास बायचे अ. उ. आ.

यांनी तुला विचारलंय की नाव कुणी सांगितलं. तुला ठाऊक नाही, तू काय कळवणार? म्हणून मी कळवते. सखाने सांगितलं. जूनमध्ये फॅक्टरीतल्या नोकरीवरून सुटून तो एकटाच इथे आला होता. हे कचेरीत होते. ओट्यावर न बसता सरळ चुलीपाशी आला आणि म्हणाला की कंपनीत जाऊन नाव द्यायचं हाय, तुजं लावू का. मग साहेबांकडे जाऊन त्याने स्वतः लिहून दिलं. आधी मला विचारलं आणि मग लिहिलं. आपल्या दोन्ही घरांत असं पहिल्यांदाच झालं, म्हणून तुम्हाला उमगायला वेळ लागतोय.

तू मला वेगळ्या पत्रात विचारलंस, मी रागावलेय का. तुम्ही दोघं सुपारी कातरत होता तेव्हा मी तापाने फणफणून भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताप उतरला, बाहेर आले, तर दोरीवर त्याचं झबलं वाळत होतं आणि पोर कडावला. यांनी सांगितलं की तू निजली होतीस म्हणून उठवलं नाही. तेवढी काळजी यांना माझी नेहमीच. मी ते झबलं काढून घडी केलं. रडले ते नंतर, पाणी भरताना. राग होता रे, खूप होता. आता तो कॅसेटमध्ये गेलाय. ज्याला हवा त्याने दुकानात जाऊन ऐकावा.

हे तीन दिवस धड जेवले नाहीत. घशाचं निमित्त सांगतात. मी मऊ भात करून घालते, समजूत घालत नाही. तूही त्यांना काही लिहू नको, दोघं मिळून पुन्हा एखादा सवाल काढाल.

धाऊला सांग की पोर तिचं आहे तसंच तिचं राहील, नावाने काही उचलून नेत नाही. तिला मी गणपतीत भेटेन, तेव्हा आम्ही दोघी बोलू.

शनिवारी सखाला जेवायला पाठव. एकट्याला. तुला बोलावलेलं नाही.

तुझी बहीण,
सुंदरा